मागे पडणारं घड्याळ

वाल्टरचं भारीतलं सोन्याचं क्वार्ट्झ घड्याळ वापरून वापरून पार झिजलं होतं. सकाळी नीट लावलं तरी दुपारपर्यंत वीस मिनिटं मागे पडायचं. साठीनिमित्त लेकीने ते ग्रेन्खेन गावातल्या एग्गी घड्याळजीकडून नव्यासारखं करून आणलं. चरे गेले, काच लखलखली, काटे सेकंदानेही चुकेनात.

दुसऱ्याच दिवशी वाल्टर बाराच्या ठोक्याला घरी जेवायला हजर. बायको रोसमारी टेबलावर पाय टाकून, डॉक्टरांनी बंद केलेला चेरीचा केक मजेत हाणत होती.

"एवढ्या लवकर कसा आलास?" तिने घाईघाईने तोंड पुसलं.

"लवकर नाही गं, वेळेवर आलोय."

संध्याकाळी रोसमारीने एग्गीचं दुकान गाठलं.

"एग्गी, हात जोडते, ते घड्याळ पुन्हा मागे पडेल असं करा."

"अहो बाई, महिनाभर खपलोय मी त्याच्यावर!"

"मग एखादा मरतुकडा सेल तरी घाला. त्या वीस मिनिटांचंच तेवढं सुख आहे हो मला."

एग्गीने कपाळाला हात लावला. "आता तुम्ही दोघं आधी घरी बसून ठरवा. वाल्टर दुपारीच येऊन गेला. त्याला अर्धा तास मागे हवंय. म्हणे, वाटेतली बिअर घाईत घशाखाली उतरत नाही."