आत्यानं लावलेली धार

सुकेशनीनं फडक्याची घडी उलगडली. केस कापायच्या कात्रीच्या दोन्ही पात्यांवर चरेच चरे.

"मीच लावली धार," सासू, म्हाळसाबाई, पायरीवरून कौतुकानं म्हणाली. "काल गल्लीतल्या पोरींचे केस कापून मनगट चोळत बसली व्हतीस. म्हनलं, बोथट झाली असंल. चांगली दगडावर घासली. आख्खा कळप कातरला तरी आता जायची नाय!"

घ्या! करायला गेले गणपती अन् झाला मारुती. म्हातारीनं जन्मभर मेंढरांच्या कातरीला अशीच धार लावलेली, दगडावर पाणी टाकून, अंगातला जोर लावून. ह्या कात्रीची धार दगडानं उतरते, हे तिला कुणी सांगायचं? स्वस्तातल्या दोन कात्र्या वर्षही न काढता वाया गेल्यावर सुकेशनीनं ही घेतली होती, गुलमंडीच्या बाजारातून, नव्या फोनवर पाणी सोडून. काम झालं की मऊ कापडानं पुसायची, स्क्रूपाशी तेलाचा थेंब सोडायची. घरात कुणाला तिनं साधा दोरा तोडू दिला नव्हता.

आणि नेमकं आजच संभाजीनगरात पार्लरच्या मॅडमसमोर केस कापून हात दाखवायचा होता. कात्री आपली आपण आणा, असं त्यांनी फोनवर बजावलं होतं. हात पसंत पडला तर नोकरी, नाहीतर आहेच करमाडची गल्ली.

"झाली ना चांगली?"

"व्हय आत्या. लई चांगली."

भांडायचं त्राणच नव्हतं तिच्यात. पहाटेपासून धुणं, स्वयंपाक, पाणी, सगळं उरकून ती नुसती दमली होती. तिनं कात्री पिशवीत टाकली, पण पिशवीची चेन काही तिला लावता येईना. सारखी बोटांतून निसटत होती.

म्हातारीनं ते पाहिलं. "थांब जरा. माझ्यावर चालवून बघ." अंबाडा सोडून ती पाठ करून बसली. "नायतरी शेंडं लई वाढलेत."

"आत्या, बस चुकंल."

"चालव, बघ म्हनते ना!"

सुकेशनीनं पांढरी बट धरली आणि कात्री चालवली. केस कापले गेलेच नाहीत. पात्यांत दुमडले, अडकले. म्हातारीची मान मागं ओढली गेली. तिनं दोन्ही हातांनी पायरी धरली. सुकेशनीनं परत चालवली. परत तेच. मग तिचा हात थांबला.

फाट्यावर शहराच्या बसचा हॉर्न वाजला. दोघींनी ऐकला.

म्हाळसाबाईनं हात मागं नेऊन ती बट चाचपली, चुरगळलेली, अर्धवट तुटलेली.

"मेंढरू बी वरडतं गं," ती मान न वळवता म्हणाली. "तू का नाय वरडलीस माझ्यावर?"