कच्चं तेल

वामनरावांच्या ठासणीच्या बंदुकीला रहेमतुल्लानं नवा सागवानी दस्ता घडवला आणि रंगवायला बायकोकडे, गौसियाकडे दिला. जवसाचं तेल कढवायचं, त्यात गेरू आणि काजळी खलायची, की तिचा रंग तीन दिवसांत खडखडीत वाळतो, हे जानेफळात सगळ्यांना ठाऊक होतं. हा रंग मात्र पंधरा दिवस झाले तरी वाळेना.

वाळणार कसा? गौसियानं तेल कढवलंच नव्हतं. कपाशीत शिरणारे रोही, म्हणजे नीलगाई, हाकलायला बंदूक पाहिजे, असं वामनराव म्हणाले होते. पण बोंडंच धरली नाहीत म्हणून सगळी कपाशी त्यांनी दिवाळीआधीच उपटून टाकली होती. आणि ते बियाणं त्यांना विकलं होतं तिच्या मुलानं, जुनेदनं.

आज ते पुन्हा आले.

“काय भाभी, हा रंग हाय का गुळाचा पाक?”

“थंडीची हवा हाय ना, भाऊ. अजून आठ दिवस लागतीन.”

वामनरावांनी दस्त्यावर अंगठा टेकवला आणि नाकाशी नेला. मग रस्त्यापलीकडच्या जुनेदच्या दुकानाकडे बघत राहिले.

“या कपाशीच्या आधी आमच्या वावरात जवसच राहे, भाभी. कच्च्या तेलाचा वास मले समजते.”

त्यांनी दस्ता तिच्यापुढे सरकवला.

“दुसराबी हात कच्च्याच तेलाचा द्या. मले माह्याच हाताचं भेव वाटून राह्यलं.”