खिडकीवरचा नियम

सदर भागातल्या सरकारी ऑफिसात तिन्ही खात्यांचे कारकून एकाच रेकॉर्डरूममध्ये घुसून फायली विस्कटत, म्हणून त्यांच्यातल्याच शामलाने साहेबांच्या मागे लागून भिंतीत खिडकी पाडून घेतली आणि स्वतः टाइप केलेला नियम चिकटवला: नंबर लिहून चिठ्ठी द्यावी, आत येऊ नये. आज उमरेडची तुळसाबाई शामलाकडे तिसऱ्यांदा आली होती. वारलेल्या नवऱ्याच्या नोकरीचा दाखला उद्या दिला तरच लेकाला त्याच्या जागी घेणार होते. फाइलचा नंबर ना तिला ठाऊक होता, ना शामलाला. रेकॉर्डकीपर रुपरावांनी शामलाची नुसतं नवऱ्याचं नाव लिहिलेली चिठ्ठी पुन्हा बाहेर सरकवली. “नंबर टाका, बाई.” “नंबर फाइलवरच आहे ना जी,” शामला म्हणाली. “मंग फाइल पाहून टाका.” शामलाचं डोकं भणभणलं. ती तरातरा दारातून आत शिरली. फाइल रुपरावांच्या टेबलावरच होती. “मागल्या सोमवारीच काढली,” ते म्हणाले. “पण खिडकीवर तुमचा नियम, अन् दारातून कोनी आलंच नाही.”