न दुखणारी गाठ

डॉक्टरबाईंनी टेबलावर फोटो पत्त्यांसारखे मांडले. मेव्हणीचं लग्न, डेपोतल्या सहकाऱ्याचा निरोप समारंभ, लायसन्सच्या वेळचा पासपोर्ट साइज. घरातले जुने फोटो आणा, असं त्यांनीच सांगितलं होतं. बसड्रायव्हरचा उजवा डोळा डाव्यापेक्षा खाली उतरला होता आणि जरा पुढेही आला होता. तो कधीपासून उतरलाय, ते त्यांना बघायचं होतं.

"यात बघा, खालीच दिसतोय," ड्रायव्हर म्हणाला. बायकोने तो फोटो मुद्दाम सगळ्यांत वर ठेवला होता.

"इथे तुमची मान तिरकी आहे. बाकी सगळ्यांत डोळा जागेवर आहे."

पेपर आधीच फुटला होता. स्कॅन काढणारा माणूस बोलता बोलता सांगून गेला होता, की अश्रूंच्या ग्रंथीत गाठ आहे. जुनी असेल, दुखत नसेल, तर बहुतेक साधी. काढली की सुटलात. नवी असेल आणि दुखत असेल, तर कॅन्सरचा संशय, आणि मग कधीकधी डोळाही काढावा लागतो. तेव्हापासून नवराबायकोने जोरात तयारी केली होती. आपल्या माणसाचा चेहरा कुठेतरी वाकडा निघावा म्हणून बायकोने अल्बम पालथे घातले होते.

"दुखतं का?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"छे! हिच्या बडबडीने डोकं दुखतं, तेवढंच." ड्रायव्हर हसला. बायकोही हसली.

डॉक्टरबाई हसल्या नाहीत. "नीट आठवून सांगा. नुसत्या स्कॅनवरून मला ठाम सांगता येत नाहीये. न दुखणारी जुनी गाठ असेल तर मी तिला टोचणारसुद्धा नाही, अख्खी बाहेर काढेन. टोचली तर ती पुन्हा उगवते. पण दुखत असेल तर आधी तुकडा काढून तपासायला हवा. दुखणारी गाठ नसांच्या कडेकडेने डोक्यात शिरू शकते."

"नाही दुखत, मॅडम. दुखलं असतं तर रोज गाडी चालवली असती का?"

बायको खाली बघत राहिली. इकडे आड, तिकडे विहीर. बोललं तर यांचा डोळा जाईल, डोळ्याबरोबर गाडी जाईल, आणि हे जन्मात माफ करणार नाहीत. गप्प बसलं तर हेच जातील. खोलीचं दार उघडं होतं, तरी तिला कोंडून घातल्यासारखं झालं. टेबलाखाली नवऱ्याने तिचं मनगट घट्ट धरलं होतं.

"ठीक आहे," डॉक्टरबाईंनी पेन उचललं. "मग अख्खी गाठच काढू. डोळा राहील."

मनगटावरची पकड सैल झाली. नवऱ्याने सोडलेला सुस्कारा तिला ऐकू आला. कित्येक महिन्यांत तिने त्यांना इतकं हलकं झालेलं पाहिलं नव्हतं.

"रात्री हे फ्रिजला कपाळ लावून उभे असतात," ती म्हणाली.

पेन थांबलं.

"उन्हाळ्यापासून. गार लागलं की बरं वाटतं त्यांना. त्यांना वाटतं, मी झोपलेय. आधी असं काही नव्हतं, डॉक्टर. फोटोंतही काही नाही. मी सगळे बघितलेत."

"अगं, गप्प बस ना!" ड्रायव्हर ओरडला. "कुणाच्या बाजूची आहेस तू?"

रडायचं नाही असं ती ठरवून आली होती, ते जमलं नाही.

डॉक्टरबाईंनी खुर्ची पुढे ओढली आणि तोच प्रश्न पुन्हा, हळू आवाजात विचारला. "दुखतं का?"

ड्रायव्हरने बायकोकडे मान वळवली. दोन्ही डोळ्यांनी तिच्याकडे बघितलं. मग नजर न काढता म्हणाला,

"दुखतं."