आचारसंहिता संपेपर्यंत

“अक्का, तुमी फारम कसाले भरा?”

साक्रीच्या तहसील कचेरीच्या पायरीवर गावचे पुढारी भिकन नानांनी यशोदाबाईंना गाठलं. नाना रडकुंडीला आले होते. सरपंचाची पोटनिवडणूक बिनविरोध करायची म्हणून गावानं मारुतीपुढं नारळ फोडला होता. एकट्या तोतारामचा अर्ज जायचा होता. तोताराम कडक इस्त्रीचा शर्ट घालून, अर्ज हातात धरून नानांच्या मागं उभा होता. आणि तो पोचायच्या आत या बाई आपला अर्ज देऊन मोकळ्या झाल्या होत्या.

“गावनी सेवा करानी शे,” यशोदाबाई म्हणाल्या आणि पदर सावरत दुसरीकडं बघू लागल्या.

सेवाबिवा सगळी थाप होती. सरपंच होण्याची हौस तर त्यांना स्वप्नातही नव्हती. त्यांना फक्त निवडणूक हवी होती.

त्यांच्या घरात मधल्या खोलीच्या भिंतीवर नवऱ्याची, मोतीलाल आबांची, बारा बोअरची बंदूक टांगलेली असे. रानडुकरांपासून मका वाचवायला वडिलांच्या काळी मिळालेला परवाना, तो आबांच्या नावावर आला. आबा दर अमावास्येला तिला तेल पाजत. इतक्या वर्षांत तिनं एकच शिकार केली, ती भिकन नानांच्या पाण्याच्या टाकीची. डुकरं बंदूक असली तरी मका खात, नसली तरी खात.

सून रूपाली धुळ्याच्या दवाखान्यात नर्स. आपल्या घरातल्या बंदुकीशी खेळताना गोळी लागलेलं एक पोर तिथं तिच्या हातावर दगावलं होतं. लेकाच्या बारशालाच तिनं सांगून टाकलं, “बंदूक घरात आहे तोवर माझा ललित त्या घरात पाऊल ठेवणार नाही.”

आबांच्या अंगाचा तिळपापड झाला. “चोर-गुंड कट्टा लिसन फिरतस, त्यासले कोनी इचारत नही. मी लायसनवाला, आन मीच गुन्हेगार? मनी बंदूक, मना हक्क!”

दोघंही हटेनात. मधल्यामधे यशोदाबाईंना नातवंड दुरावलं.

मग निवडणूक लागली. आचारसंहितेत परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागतात. आबा शिव्या घालत बंदूक देऊन आले, आणि दुसऱ्या दिवशी रूपाली ललितला घेऊन दारात उभी. निकाल लागला, बंदूक परत आली, रूपालीनं पिशवी भरली. तेव्हापासून असंच चाललं होतं. लोकसभेला ललित रांगत होता. विधानसभेला भिंत धरून चालायला लागला. जिल्हा परिषदेला ‘मोठी माय’ म्हणून आजीच्या गळ्यात पडला. इतर बायका देवाला पावसाचं साकडं घालत, यशोदाबाई मतदानाचं घालत.

या पोटनिवडणुकीलाही बंदूक ठाण्यात गेली होती, आणि काल रात्री ललित त्यांचा पदर मुठीत धरून झोपला होता. बिनविरोध झालं की निवडणूक संपली, बंदूक घरी आणि पोरगं धुळ्याला. ती मूठ सोडवताना यशोदाबाईंना रडू आलं. सकाळी आबा म्हणाले, “ठानामा जाई येस. बंदूक कव्हय देतस, इचारस.” त्यांना बंदुकीची घाई झाली होती. ते एसटीत बसले, तशा यशोदाबाई बांगड्यांचं निमित्त काढून मागच्या गाडीनं निघाल्या.

आता नाना, तोताराम आणि चार पंच कचेरीतल्या निंबाखाली डोकी जोडून उभे होते. मारुतीचा नारळ फुकट जातो म्हणजे काय! तीन वाजत आले तशी नानांनी मान वर केली. चेहरा उजळला होता. त्यांनी तोतारामच्या हातातला अर्ज घेतला आणि टराटरा फाडला. तोतारामसाठी आणलेला हार यशोदाबाईंच्या गळ्यात पडला.

“अक्का, तुमीच सरपंच. गावना शब्द ऱ्हायना. बिनविरोध!”

यशोदाबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. करायला गेल्या गणपती आणि झाला मारुती. त्यांनी हार ओरबाडून काढला. “नही, नही! तोताराम भाऊ, तुमी उभा ऱ्हा, मी तुमना पाया पडस!” पण तीन वाजून गेले होते, अर्ज भरायची मुदत संपली होती. बाई लाजताहेत असं समजून पंचांनी टाळ्या वाजवल्या.

तेवढ्यात आतून कारकून बाहेर आला. “कसल्या टाळ्या? बिनविरोध कुठली? दोन अर्ज आलेत.”

“दुसरा कोना?” नाना किंचाळले.

कारकुनाच्या मागून आबा बाहेर आले. पेन खिशाला लावत होते. बायकोच्या हातात हार बघून ते जागच्या जागी थांबले. बायकोनंही अर्ज भरलाय, हे त्यांना आत्ता कळत होतं.

“आबा, बायकोना इरोधमा?” नानांनी कपाळावर हात मारला.

“लोकशाही शे,” आबा म्हणाले. “कोनी बी उभा ऱ्हास.”

पंच शिव्या देत पांगले. निंबाखाली दोघंच उरली. यशोदाबाईंनी नवऱ्याकडं नीट पाहिलं. “तुमी ते बंदूक आनाले जायेल व्हतात.”

“बंदूक सरकारनी जमा करेल शे,” आबा नजर चुकवत म्हणाले. “मी काय सुनबाईनं आयकं नही, सांगी ठेवस. पन मतदान व्हये तवलोंग पोऱ्या घरमा ऱ्हाई.”

यशोदाबाईंना हसू आलं आणि डोळेही भरून आले. मग एकदम काळजी वाटली. “आन आपला दोन्हीसमाईन एक ते निवडी यी, मंग?”

आबांनी इकडंतिकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला.

“जो निवडी यी, त्यानी राजीनामा देवाना. परत निवडणूक लागी.”