तळघरातलं पाकीट

संगणक न्यायला आलेला भंगारवाला कोथरूडच्या फ्लॅटवर खोळंबला, तरी निवृत्त टपाल कर्मचारी दीनानाथ पडद्यासमोरून हलेनात. त्यातल्या भुताटकीच्या गेममध्ये ते शहाण्णव सालापासून अंधाऱ्या हवेलीच्या तळघरात अडकले होते. संगणक गेला की बाहेर पडायची संधी संपणार होती. पत्नी हेमाताई पहिल्यांदाच पडद्यात डोकावल्या. “अहो, ते टेबलावरचं पाकीट फोडा की!” “हवेलीच्या मालकाच्या नावाचं आहे. दुसऱ्याचं पत्र मी जन्मात फोडलेलं नाही.” “मालकाचा तर सांगाडा पडलाय इथे!” “मग पाठवणाऱ्याकडे परत जाईल.” “त्याचा पत्ता दाखवा बरं.” पत्ता नव्हता. घेणारा मृत, पाठवणारा अज्ञात. असं पत्र खात्यातही रीतसर फोडतात. दीनानाथ ताठ बसले. त्यांनी पाकीट फोडलं. किल्ली पडली, दार उघडलं आणि पडद्यावर लख्ख सकाळ झाली. “नियमात बसून सुटलो, हेमा!” हात उंचावून दीनानाथ ओरडले.