निरोपाच्या ओळी

हम्फ्री टनीच्या थोरल्या मुलाला मुलगी झाली, त्या हिवाळ्यातली गोष्ट. लंडनच्या एका नाटकघरात हम्फ्री विंगेत उभा राहून नटांना ओळी सांगायचा. त्याची धाकटी मुलगी ग्रिझेल तिथेच नायिका व्हायची. शोकनाट्यात ती शेवटी मरायची आणि मग रीतीप्रमाणे उठून प्रेक्षकांना निरोपाच्या गमतीदार ओळी म्हणायची. लोकांनी रडत घरी जाऊ नये, म्हणून.

त्या गुरुवारी ती तापानं फणफणली होती.

“आज निरोप राहू दे, पोरी,” हम्फ्री म्हणाला.

“बाबा, निरोप नसला तर लोक बाकं मोडतील. आणि मरायचं तर आडवं पडूनच आहे, त्यात कसले कष्ट?”

पाचव्या अंकात तिनं विषाचा पेला तोंडाला लावला आणि ती कोसळली. प्रेत उचलायला नट पुढे आले, तशी ती उठली आणि ओळी म्हणू लागली.

“मेलीस तरी तोंड चालूच का गं!” खालून कोणीतरी ओरडलं. सगळं नाटकघर हसलं.

थंडी अशी होती, की हसणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडातून वाफ निघत होती. ग्रिझेलच्या तोंडातून मात्र नुसते शब्द येत होते.

ती एकही ओळ चुकली नाही. तिनं वाकून नमस्कार केला, विंगेत येऊन बापाच्या खांद्यावर डोकं टेकलं.

“बाबा, हसले ना सगळे?”

“हसले गं, बाळ,” म्हणत त्यानं तिचा हात हातात घेतला. बोटं केव्हाच ताठरली होती.

ग्रिझेल टनी त्या गुरुवारी, पाचव्या अंकात वारली.